जुळलेल्या नंबरांचा भ्रम

जळगाव-धुळ्याकडील परवानाधारक शौकिनांच्या बैठकीत जुनी जर्मन लष्करी रायफल विकत घेण्याचा विषय निघाला, की हल्ली एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. नळी, रिसीव्हर, बोल्ट व दस्ता यांवरील नंबर परस्परांशी जुळले, कारखान्याची सांकेतिक अक्षरे व वर्ष स्वच्छ वाचता आले आणि गरुडाची सरकारी मोहर जागच्या जागी दिसली, म्हणजे हत्यार अस्सल ठरले. त्यानंतर शंका काढीत बसणे हे नुसते भित्रेपणाचे लक्षण होय, असा तो सिद्धान्त आहे. या मताचे खंदे पुरस्कर्ते आमचे एक स्नेही असून ते व्यवसायाने वकील आहेत. ते स्वतः पुराव्याच्या कायद्यात मुरलेले असूनही बंदुकीच्या बाबतीत इतक्या थोड्या पुराव्यावर हुकूमनामा करून मोकळे होतात, याचे आम्हांस नवल वाटते; आणि त्यांच्या शब्दावर विसंबून चार माणसे लाखालाखांचे व्यवहार करू पाहतात, म्हणून त्यांच्या म्हणण्याचा समाचार घेणे प्राप्त झाले आहे.

त्यांचा आवडता दाखला सराफ बाजारातला आहे. जळगावात दागिन्यावरचा हॉलमार्क पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होते, मग जर्मन सैन्याच्या तपासनिसाने उमटविलेला गरुड पाहून बंदुकीच्या गिऱ्हाइकाने निश्चिंत का होऊ नये? दाखला ऐकताना गोड लागतो, परंतु तो ज्या जागी लागू करावयाचा तेथेच तुटतो. सोन्याच्या बांगडीवरील खूण धातूच्या कसाविषयी बोलते, आणि बांगडी चार पिढ्यांच्या हातांतून फिरली तरी तो कस बदलत नाही. रायफल हा कित्येक सुट्या भागांचा संघात आहे. त्यांतील प्रत्येक भाग तपासनिसापुढून स्वतंत्रपणे गेला, प्रत्येकावर मोहर स्वतंत्रपणे पडली, आणि पुढे त्यांतील प्रत्येक भाग सुटा करता येतो, हरवता येतो, दुसऱ्या रायफलीस बसविता येतो. तेव्हा गरुडाची मोहर एवढेच सांगते की हा भाग अमुक कारखान्यात अमुक अधिकाऱ्याने पास केला. त्याच्या शेजारी आज बसलेला भाग त्या दिवशीही तेथेच होता, हे ती सांगत नाही, आणि सांगण्याचा आवही आणीत नाही. तो आव आपण तिच्यावर लादतो. वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला काडतुसाच्या बुडावरील अक्षरांवरून कारखाना आणि वर्ष सांगता येते, हेही आमचे स्नेही पुढे करतात. पण पितळी पुंगळी ही एकसंध वस्तू आहे, एकदा उडाली की तिची कारकीर्द संपली. रायफलीची कारकीर्द युद्धाबरोबर संपली नाही, आणि सगळा घोटाळा नेमका त्या उत्तरार्धात आहे.

या हत्याराची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती जाणल्यावाचून नंबरांचा अर्थ लागत नाही. ओबर्नडॉर्फच्या पाउल माउझर यांनी सिद्ध केलेली रायफल जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारली, आणि तिचे आखूड रूप १९३५ साली 'कारबिनर ९८ के' या नावाने रूढ झाले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत या रूपाच्या एक कोटीहून अधिक रायफली निरनिराळ्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. कारखान्याचे नाव शत्रूस कळू नये म्हणून रिसीव्हरवर संकेत घालण्याचा शिरस्ता होता. माउझरच्या ओबर्नडॉर्फ येथील कारखान्याचा संकेत आरंभी 'एस ४२', नंतर नुसता '४२', १९४१ पासून 'बीवायएफ' आणि शेवटच्या काळात 'एसव्हीडब्ल्यू' असा बदलत गेला. झुल येथील झाउअरचा 'सीई', ऑस्ट्रियातील स्टायरचा 'बीएनझेड', आणि जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या ब्रनोच्या कारखान्याचा 'डीओटी'. नंबर चार आकडी. दहा हजारांचा गट संपला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करून पुढे 'ए', 'बी', 'सी' अशी लहान लिपीतील अक्षरे जोडावयाची, ही पद्धत. यावरून एक साधी कसोटी निघते. युद्धकालीन जर्मन रायफल म्हणून समोर ठेवलेल्या हत्यारावर अक्षरावाचून पाच आकडी नंबर असेल, तर तो नंबर जर्मन हाताने घातलेला नाही असे समजून पुढची चौकशी आरंभावी. आमच्या स्नेह्यांना ही कसोटी मान्य आहे. एवढेच की ती पार पडली म्हणजे परीक्षा संपली असे त्यांना वाटते, आणि आम्हांस वाटते की परीक्षा तेथून सुरू होते.

कारण १९४५ नंतर या रायफलींचे काय झाले ते पाहा. रशियन सैन्याच्या हाती त्या अगणित संख्येने पडल्या. पुढे शस्त्रागारांत त्यांचे सर्व भाग सुटे करण्यात आले, पोलादावर नवी निळी झिलई चढविण्यात आली, आणि कोणता भाग मूळचा कोणाचा हे न पाहता ढिगातून उचलून त्या पुन्हा जोडण्यात आल्या. बोल्टवरील जुना नंबर घासून तेथे विजेच्या लेखणीने नवा नंबर कोरलेला, रिसीव्हरवर फुलीची खूण, दस्त्यावर लाखेचे तांबूस रोगण, ही त्या कारकिर्दीची ओळख होय. युगोस्लाव्हियाने आपल्या हाती आलेल्या रायफलींवरील जर्मन चिन्हे घासून टाकली आणि रिसीव्हरवर आपले राजचिन्ह व कारखान्याचे नाव घातले. नॉर्वेने जर्मन रायफलींना अमेरिकन काडतुसाची नळी बसविली, आणि इस्राएलने पुढे आपल्याकडील कित्येक रायफली ७.६२ बोअरच्या केल्या. या सर्व उलाढालीतून पार होऊन मूळच्या सगळ्या भागांसह, मूळच्या झिलईसह आणि मूळच्या दस्त्यासह आजवर टिकलेली रायफल ही दुर्मिळ वस्तू आहे. परदेशच्या लिलावांत जुळलेल्या नंबरांच्या रायफलीला न जुळलेल्या रायफलीहून कित्येक पट किंमत येते ती याच कारणाने. आणि ज्या गुणाला बाजारात अशी किंमत आहे, नेमका तोच गुण बनावट करण्याकडे कारागिराची बुद्धी धाव घेणार, हे समजण्यास पुराव्याचा कायदा अभ्यासावा लागत नाही. गावातील चोराला कोणत्या वाड्यात तिजोरी आहे हे ठाऊक असते. तेव्हा नंबर जुळले म्हणून शंका सोडून द्यावी हा उपदेश मुळातच उलटा आहे. जेथे सर्व काही जुळते तेथे शंका अधिक कसून घ्यावी.

ती कशी घ्यावी, याविषयी आमचे स्नेही म्हणतात की पोलादावरचा आकडा हा पोलादावरचा आकडा, त्यात नवा-जुना कसला? हे मत ज्याने भिंग हाती घेऊन दहा रायफली शांतपणे पाहिल्या आहेत त्याचे खचित नसावे. गंजाने पोलादावर पडलेले बारीक खड्डे हे काळाचे हस्ताक्षर आहे. मूळ आकडा आधीचा आणि गंज नंतरचा असेल, तर खड्डे आकड्याच्या कडांवर व तळाशीही उतरलेले दिसतात. आकडा मागाहून ठोकलेला असेल, तर तो खड्ड्याला कापून जातो आणि त्याच्या कडा कोऱ्या व धारदार राहतात. नंबर बदलावयाचा तर जुना आधी घासावा लागतो, आणि घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खाली बसतो. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी तिरप्या उजेडात पाहिले की ही दबलेली जागा बोटालाही जाणवते. प्रत्येक कारखान्याच्या आकड्यांची घडण ठरलेली होती, 'चार' उघडा की मिटलेला, 'सात' सरळ की वळलेला, आणि नकली शिक्क्याला ती घडण साधत नाही. साधली तरी एकाच रायफलीच्या दहा भागांवर दहा निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या दाबाने पडलेले ठसे त्याला साधत नाहीत. कारखान्यातील ठसे कोठे खोल, कोठे उथळ, कोठे किंचित कलते असे असतात. बनावट ठसे एकाच दिवशी एकाच माणसाने एकाच हातोडीने घातलेले असल्यामुळे सर्व एकसारखे शहाणे दिसतात. अस्सलपणात एक प्रकारचा बेफिकीर गबाळेपणा असतो, आणि तो गबाळेपणा फार थोड्या भामट्यांना जमला आहे.

लाकडाची साक्ष याहूनही बोलकी. सुरुवातीचे दस्ते अक्रोडाचे, पुढे पातळ फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाचे प्रमाण वाढत गेले. दस्त्याच्या बुडाची पट्टी आधी सपाट असे, ती युद्धात कडा वळवलेली आली. अखेरच्या वर्षांत संगीन अडकविण्याची सोयसुद्धा काही रायफलींवरून गेली. तेव्हा १९३७ चे वर्ष मिरविणाऱ्या रायफलीच्या बुडाशी वळलेल्या कडांची पट्टी असेल, तर ती रायफल कधीतरी दुरुस्त झाली आहे, मग तिचे नंबर कितीही जुळोत. आमच्या भागात आणखी एक आपत्ती आहे. जुनी बंदूक चांगली दिसावी म्हणून सुताराकडून दस्ता सॅंडपेपरने घासून वर पॉलिश मारण्याची खोड येथे फार, आणि त्या घासण्यात लाकडावरील तपासनिसाचे ठसे पुसून जातात. असा घासलेला, कडा गोल झालेला दस्ता आणि त्याच्यावर मात्र टवटवीत गरुड, हा योग दिसला तर तो गरुड कोठल्या घरट्यातून उडाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. शुत्झस्टाफेल (एसएस) या नाझी दलाची जुळी चिन्हे किंवा कवटीचा ठसा दाखवून कोणी दुप्पट किंमत मागू लागला, तर त्याविषयी एवढेच सांगतो, की या क्षेत्रात सर्वांत जास्त नकला त्याच ठशांच्या झालेल्या आहेत.

येथवर आमच्या स्नेह्यांच्या पहिल्या मुद्द्याचा विचार झाला. दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण तो घराण्यांच्या अभिमानाशी निगडित आहे. जुने देशमुख-पाटील घराणे 'ही रायफल आमच्या आजोबांनी इटलीच्या लढाईतून जर्मनांकडून हिसकावून आणली' असे सांगत असेल, तर त्या वचनावर संशय घेणे हा शिष्टाचाराचा भंग होय, असे ते म्हणतात. इटलीत मराठी शिपाई जर्मनांशी लढले यात संशयच नाही. १९४४ च्या जुलैत यशवंत घाडगे आणि १९४५ च्या एप्रिलात नामदेव जाधव यांनी त्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. परंतु शूर शिपाई इटलीत होता यावरून ही रायफल इटलीतून आली, हे सिद्ध होत नाही. हिंदी शिपायाने शत्रूची रायफल खांद्यावर टाकून घरी आणावी आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याखाली कारभार करणाऱ्या कलेक्टराने त्याकडे कानाडोळा करावा, हेही सहज पटण्याजोगे नाही. आजोबांच्या शौर्याची किंमत त्या रायफलीने वाढत नाही आणि ती खोटी ठरल्याने कमी होत नाही. तिच्या रिसीव्हरवर युगोस्लाव्हियाचे राजचिन्ह घासल्याच्या खुणा असतील, तर ते काम युद्धानंतरचे आहे, आणि १९४५ साली घरी परतलेल्या शिपायाच्या ट्रंकेत ती रायफल असणे अशक्य आहे. युगोस्लाव्हियाने १९५० च्या सुमारास काढलेली 'एम ४८' ही रायफल दिसावयास माउझरसारखीच. तिचे चिन्ह घासून तिला जर्मन म्हणून विकण्याचा उद्योग जुना आहे, पण तिचा रिसीव्हर व बोल्ट किंचित आखूड असल्यामुळे जर्मन भागांशेजारी ठेवताच ती उघडी पडते.

खानदेशापुरती याहून संभवनीय हकीकत निराळीच आहे. सातपुड्याची आणि यावलकडील जंगले एके काळी वाघांनी भरलेली होती, आणि शिकारीचा शौक गोऱ्या अधिकाऱ्यांपासून जहागीरदारांपर्यंत सर्वांना होता. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रिग्बीसारख्या कारागिरांनी ओबर्नडॉर्फच्या माउझर यंत्रणेवर शिकारी रायफली घडविल्या, खुद्द जिम कॉर्बेटची गाजलेली रायफल त्याच जातीची, आणि अशा शिकारी माउझर रायफली हिंदुस्थानात सर्वदूर पोचल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाल्यावर त्या वाड्यांतील कपाटांत निपचित पडल्या. यंत्रणेवर जर्मन कारखान्याचे नाव, घरात कोणा फौजेतल्या पूर्वजाची आठवण, आणि दोन पिढ्यांनंतर शिकारी बंदुकीची लष्करी रायफल होते. खोटे कोणीच बोललेले नसते, तरी गोष्ट खोटी असते. अशी सुबक, हाताने घडविलेली शिकारी माउझर लष्करी ठसे ठोकून बिघडविलेली पाहिली, की आम्हांस खरोखर वाईट वाटते. कारण ती आपल्या मूळ रूपात संग्रहात मानाने बसली असती.

या प्रांतात तरी घराण्याच्या आख्यायिकेला पुरावा मानण्याचा आग्रह कोणी धरू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी धुळ्यातच आयुष्याची अखेरची वर्षे काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच देह ठेवला. पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात उभे राहिले. १८९८ साली, म्हणजे योगायोगाने जर्मन सैन्याने माउझर स्वीकारली त्याच वर्षी, त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला, आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील मित्या व हकीकती अस्सल पत्रांशी ताडून त्यांच्या चिंध्या केल्या. अमुक बखर अमुक थोर घराण्यात सापडली म्हणून ती खरी मानावी, असे त्यांना कोणी सांगितले असते, तर त्या माणसाची धडगत नव्हती. कागद कोणत्या जातीचा, शाई कोणती, वळण कोणाचे, शिक्का त्या काळी चालू होता की नाही, मजकुरातील माणसे त्या दिवशी तेथे असणे शक्य होते की नाही, अशा सर्व बाजूंनी दस्तऐवज तपासावयाचा आणि एक बाजू दुसरीशी विसंगत निघाली तर नुसत्या शिक्क्याच्या जोरावर त्याला अस्सल म्हणावयाचे नाही, ही रीत त्यांनी मराठी वाचकांच्या अंगी बाणविण्याचा यत्न केला. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया १७७६ साली फौज जमवून निघाला, तेव्हा त्यालाही ओळखणारे आणि 'हेच भाऊसाहेब' म्हणून शपथ घेणारे प्रतिष्ठित लोक मिळालेच होते. तोंडवळा जुळला होता; बाकीचे जुळत नव्हते.

या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की न जुळणारी रायफल घेऊच नये. आमचे म्हणणे याच्या अगदी विरुद्ध आहे. बोल्ट रशियनांनी बदललेला, दस्ता दुसऱ्या रायफलीचा, वर लाखेचे रोगण, आणि या सर्व गोष्टी झाकून न ठेवता विकली जाणारी रायफल ही आमच्या मते पूर्णतः अस्सल आहे. तिच्या अंगावर जे लिहिले आहे ते तिच्यावर खरोखर गुदरले. तिची किंमत कमी असेल, तशी ती कमी द्यावी. परंतु तिला 'दुय्यम' म्हणून हिणवावयाचे आणि काल रात्री नंबर ठोकून एकजिनसी केलेल्या तोतयाला 'अव्वल' म्हणून डोक्यावर घ्यावयाचे, ही रसिकता आमच्या आकलनाबाहेरची आहे.

आता शेवटी कायद्याकडे वळतो, आणि येथे मात्र आमच्या वकीलमित्रांनी मौन का पाळले, हे आम्हांस उमगत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे आठवे कलम हत्यारावरील नाव, नंबर किंवा इतर ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे वा बनावट करणे यांस मनाई करते, आणि ओळखचिन्ह नसलेले हत्यार विकण्यासही मनाई करते. म्हणजे जाणकारांची नापसंती तर राहोच, हे कृत्य आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. जुळविलेले नंबर विकत घेणारा मनुष्य पैशाने तर नाडला जातोच, पण मुद्देमालाचा मालकही होऊन बसतो. ७.६२ बोअरची नळी बसविलेल्या रायफलीची गोष्ट तशीच: सरकारी काडतूस चालणाऱ्या .३०३ व ७.६२ या बोअरच्या रायफली निषिद्ध वर्गात मोडतात, म्हणून इस्राएलहून फिरून आलेली जर्मन रायफल संग्राहकाच्या दृष्टीने कितीही मनोवेधक असली तरी येथील सामान्य परवान्यावर ती बसत नाही. नळीवरील आकडा वाचण्याआधी नळीचा बोअर मोजवून घ्यावा तो याकरिता. कलम ४५ मध्ये पुरातन हत्यारांना सवलत आहे, असे सांगून विक्रेता घाई करील; ती सवलत दुरुस्तीनेदेखील चालू शकणार नाही अशा हत्यारांपुरती आहे, आणि चालू माउझर तिच्यात बसविता येणार नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच हत्यारे ठेवता येतात, तेव्हा त्यांतील एक जागा तोतयाने अडवावी काय, हाही विचार आहेच.

परवानाधारकाने परवानाधारकास हत्यार विकावयाचे तर जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. आमचे स्नेही या मुदतीला कटकट म्हणतात. आम्ही तिला चौकशीची मुदत म्हणतो, कारण परवान्यावर हत्याराचे वर्णन, बोअर व नंबर लिहिण्याचा शिरस्ता जुना आहे, आणि विक्रेत्याच्या घरी त्याच्या वडिलांचा किंवा आजोबांचा परवाना जपून ठेवलेला असेल, तर या सर्व प्रकरणातील सर्वांत निःस्पृह साक्षीदार तोच. ज्या कारकुनाने तो नंबर लिहून घेतला, त्याला जुळलेल्या आणि न जुळलेल्या रायफलीच्या किमतीतील अंतर ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्या जुन्या परवान्यावर 'शिकारी रायफल' असा शेरा आहे की काय, नंबर चार आकडी आहे की पाच, त्याला अक्षर जोडलेले आहे की नाही, आणि आज बोल्टवर दिसणारा नंबर तोच आहे काय, एवढे विक्रेत्यासमक्ष ताडून पाहावे. विक्रेता जुना परवाना दाखविण्यास खुषीने तयार असेल, तर पुढे भिंग काढावे. नसेल, तर भिंग काढण्याचेही प्रयोजन नाही.